चाळिशीनंतर मल्टिफोकल कॉन्टॅक्ट लेन्स: कोणी वापरतंय का?

विंगेतली (इंदूर)

नमस्कार मंडळी. वय ४८. उजव्या डोळ्याचा नंबर -४.५०, डाव्याचा -५.०० आणि डाव्याला थोडा सिलिंडर (डोळ्याच्या असमान वक्रतेसाठीचा नंबर). कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स लावते. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी आमच्या हौशी नाटकमंडळीची तालीम.

गेली काही वर्षं लेन्स लावल्या की लांबचं स्वच्छ दिसतं, पण मोबाइल, चेकवरची सही, औषधाच्या पट्टीवरची तारीख काही दिसत नाही. म्हणून लेन्सवर +१.५० चा वाचायचा चष्मा लावते. बँकेत ते चालतं, रंगमंचावर चालत नाही. पेशवाईतल्या सासूच्या नाकावर चष्मा कसा शोभेल? आणि नव्या नाटकात मला रंगमंचावर एक लांबलचक पत्र वाचायचं आहे. पाठ करीनच, पण नजर कागदावर फिरतेय की नुसती खिळलीय हे पहिल्या रांगेला कळतं.

एक गोष्ट फार छळते. लेन्स काढून नेहमीचा चष्मा लावला की मला जवळचं त्यापेक्षा बरं दिसतं, आणि चष्मा कपाळावर सरकवला तर बारीकातलं बारीक अक्षरही लागतं. मग त्याच डोळ्यांना लेन्स लावल्यावरच असं का?

दुकानात लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्सचं नाव ऐकलं. “लावा, सगळं दिसेल” एवढंच उत्तर मिळालं. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून ऐकायचं आहे.

सुदामानगरकर (इंदूर)

ताई, मी मल्टिफोकल नाही, मोनोव्हिजन वापरतो. उजव्या डोळ्यात लांबची लेन्स, डाव्यात जवळची. दोन्ही साध्या लेन्स, नंबर तेवढे वेगळे. पहिले काही दिवस डोकं जड व्हायचं, नंतर सवय झाली. ऑफिसचं काम, दुकानातल्या किमती, हॉटेलचं मेन्यूकार्ड, सगळं चष्म्याशिवाय.

पण अंतराचा अंदाज थोडा ढळतो. जिना उतरताना, सुईत दोरा ओवताना जाणवतं. आणि कामानिमित्त रात्री देवासहून गाडी चालवत यावं लागतं, तेव्हा समोरच्या ट्रकच्या दिव्यांनी डावा डोळा त्रास देतो. त्यासाठी वेगळा चष्मा करून घेतलाय, जो लेन्सवरून लावला की डावा डोळाही लांबचं पाहतो. तो गाडीतच असतो. मोनोव्हिजन घेणाऱ्या प्रत्येकाने तो करून घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती.

रंगमंचावर पायऱ्या, चौथरे असतात. त्याचा विचार करा.

नेत्रतपासनीस (इंदूर)

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. रोज चाळिशीपुढचे डोळे तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी तुमचं कोडं. आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग तरुणपणी लवचिक असतं. जवळ पाहताना ते फुगतं आणि नंबर बदलतो. वयाबरोबर ते घट्ट होत जातं, चाळिशीच्या आसपास ते जाणवू लागतं आणि साधारण साठीपर्यंत वाढत राहतं. यात उणे नंबरवाल्यांची एक वेगळी गोष्ट आहे. उणे नंबरचा चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असतो आणि त्या अंतरामुळे जवळ पाहताना डोळ्याला कमी जोर लावावा लागतो. लेन्स थेट बुबुळावर बसते, ती सवलत जाते. म्हणून उणे नंबरवाल्याला चष्म्यापेक्षा लेन्समध्ये चाळिशी आधी भेटते. अधिक (प्लस) नंबरवाल्यांचं नेमकं उलटं, त्यांना लेन्समध्ये जवळचं काम सोपं जातं. आणि चष्मा कपाळावर सरकवल्यावर अक्षर लागतं, कारण -४.५० चा डोळा विनाचष्मा साधारण २२ सेंटिमीटरवर आपोआप स्पष्ट पाहतो. लेन्स कपाळावर सरकवता येत नाही.

आता मल्टिफोकल. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वरच्या भागातून लांबचं आणि नजर खाली नेली की जवळचं दिसतं. सॉफ्ट मल्टिफोकल लेन्सचं तसं नाही. लेन्स डोळ्याबरोबरच फिरते, त्यामुळे वर-खाली असा भाग उरत नाही. लांबचा आणि जवळचा, दोन्ही नंबर एकाच वेळी बाहुलीसमोर असतात. काही लेन्समध्ये मधोमध जवळचा नंबर आणि कडेला लांबचा, काहींमध्ये उलटं. डोळ्याच्या पडद्यावर स्पष्ट आणि अस्पष्ट प्रतिमा एकदमच पडतात आणि मेंदू हवी ती निवडतो. पंगतीत चौफेर गप्पा चालू असताना आपण शेजारच्याचंच ऐकतो, तसं. हे जमायला मेंदूला वेळ लागतो, आणि काहींच्या मेंदूला ते पटतच नाही.

प्रकाश दोन कामांत वाटला जातो, म्हणून अक्षरांचा उठाव (कॉन्ट्रास्ट) थोडा कमी होतो. भरपूर उजेडात, काळ्या-पांढऱ्या छपाईत ते कळतही नाही. फिकट अक्षरं आणि कमी उजेड एकत्र आले की कळतं. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, अक्षरांना सावली येऊ शकते.

आणि बाहुलीचा आकार. उजेडात ती लहान होते, अंधारात मोठी. मधोमध जवळचा नंबर असलेल्या लेन्समधून उजेडात वाचायला छान जमतं, पण अंधारात बाहुली पसरली की कडेचा लांबचा भाग जास्त वापरला जातो आणि वाचन दुबळं होतं. म्हणजे ताई, रंगमंचावरच्या झगमगाटात तुमचं पत्र बहुधा वाचता येईल. विंगेतल्या काळोखात संहिता चाळणं हे या लेन्ससाठी सगळ्यात कठीण काम. हे आधीच सांगतो, नंतर निराशा नको.

दुकानात “सगळं दिसेल” म्हणाले, ते मला खटकलं. ही लेन्स खोक्यातून काढून विकायची वस्तू नाही, ती डोळ्यागणिक जुळवावी लागते. दिवसभर नेमकं काय, किती अंतरावर, कोणत्या उजेडात बघता ते लिहून काढा आणि तपासणाऱ्याला दाखवा. नंबरइतकंच ते महत्त्वाचं आहे.

रामबागची लेक (इंदूर)

दुसरी बाजूही असू द्या. मी ५४ वर्षांची. मल्टिफोकल घेतल्या, वापरल्या आणि सोडल्या. पहिल्याच वेळी जवळच्या नंबराची सगळ्यात जास्त ताकदीची जोडी दिली गेली. वाचता येत होतं, पण समोरच्या माणसाच्या चेहऱ्याभोवती धूसर कड दिसायची. परत गेले तर “सवय होईल” एवढंच ऐकलं. नंतर दुसऱ्या ठिकाणी ताकद कमी केल्यावर चेहरे नीट दिसू लागले.

पण खरं कारण कोरडेपणा. पाळी थांबल्यापासून डोळ्यांत पाणीच राहत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेची लू, त्यात ऑफिसात एसीचा झोत. दुपारपर्यंत डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि डोळा कोरडा पडला की दिसणंही धूसर व्हायचं. आता प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे आणि मी मजेत आहे. कोणाला लेन्स जमली नाही तर त्यात कमीपणा वाटून घेऊ नये, एवढ्यासाठी लिहिलं.

नेत्रतपासनीस

रामबागची लेक, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. कोरडेपणाची तपासणी आधी व्हायला हवी, कारण अश्रूंचा थर तुटला की मल्टिफोकलची नाजूक रचना साध्या लेन्सपेक्षा लवकर बिघडते. चाळिशीनंतर अश्रू कमी होतात, पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबतात, आणि स्क्रीनकडे बघताना आपण पापण्याही कमी मिटतो. गरम शेक, पापण्यांची स्वच्छता, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले अश्रूथेंब आणि महिनाभराच्या लेन्सऐवजी रोज फेकायच्या लेन्स, यांनी बऱ्याच जणांचं निभतं. काहींचं यानेही निभत नाही.

विंगेतली

यादी करून बसले. बँकेत कॉम्प्युटरचा पडदा हाताच्या अंतरावर, सहीचं कार्ड त्याहून जवळ. मोबाइल. तालमीत समोरच्या नटाचा चेहरा चार-पाच पावलांवर. प्रयोगाला झगझगीत प्रकाश, विंगेत अंधार. रात्री स्कूटरवरून घरी. शिवणटिपण करत नाही. डाव्याचा सिलिंडर -०.७५. अश्रूंची तपासणी झाली, ठीक आहे म्हणाले.

आता पुढे काय विचारायचं?

नेत्रतपासनीस

छान यादी आहे. यात रात्रीची स्कूटर आणि विंग, हे दोन अडचणीचे प्रसंग. बाकी सगळं या लेन्सच्या आवाक्यातलं.

नीट जुळवणी कशी होते ते सांगतो, म्हणजे पायऱ्या गाळल्या जात असतील तर तुम्हाला कळेल. जुना नंबर चालत नाही, लांबचा नंबर ताजा काढायला हवा आणि उणे नंबर गरजेपेक्षा जराही जास्त नको. तो पाव नंबरने जरी जास्त गेला तरी तेवढं वाचन हातचं जातं. मग चष्म्याचा नंबर लेन्सच्या नंबरात बदलायचा. चारच्या पुढे हा फरक धरावाच लागतो: चष्म्याचा -४.५० लेन्समध्ये -४.२५ च्या आसपास येतो, -५.०० चा -४.७५. तुमच्या -०.७५ सिलिंडरचा अर्धा भाग गोल (म्हणजे मुख्य) नंबरात मिळवून काम भागतं का, ते बघता येईल. नाही भागलं तर सिलिंडरसह मल्टिफोकल लेन्सही बनतात, पण त्या मागवाव्या लागतात.

त्यानंतर प्रबळ डोळा, म्हणजे लांब बघताना मेंदू ज्याच्यावर जास्त भर देतो तो. दोन्ही तळहातांचं छोटं भोक करून दूरच्या वस्तूकडे बघायला सांगतात, ही एक पद्धत. मला दुसरी जास्त भावते: दोन्ही डोळे उघडे ठेवून लांब बघायचं आणि आळीपाळीने एकेका डोळ्यापुढे +१.५० ची काच धरायची. ज्या डोळ्यापुढे धरल्यावर जास्त अस्वस्थ वाटतं तो लांबचा डोळा. काही कंपन्यांच्या लेन्समध्ये दोन डोळ्यांना दोन रचना देतात: प्रबळ डोळ्याला मधोमध लांबचा नंबर, दुसऱ्याला मधोमध जवळचा. काहींत रचना एकच, पण जवळची ताकद कमी, मध्यम, जास्त अशी. तुमच्या +१.५० ला कमी किंवा मध्यमपासून सुरुवात व्हावी. कमीत कमी ताकदीत काम होत असेल तर जास्त घ्यायची नाही. रामबागच्या ताईंना झाला तो त्रास त्यामुळे टळतो.

लेन्स लावल्यावर लगेच तक्ता वाचायला बसवलं तर थांबा म्हणा. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. खोलीतले दिवे चालू असावेत, दोन्ही डोळे एकत्र उघडे असावेत. एक डोळा झाकून बघितलं तर निराशाच होईल, कारण ही जोडी एकमेकांच्या आधारानेच चालते. आणि तक्त्याआधी तुमचा स्वतःचा मोबाइल, तुमचं पत्र, दाराबाहेरच्या पाट्या बघा.

मग ट्रायलची जोडी घरी न्या आणि आठवडाभर रोजच्या जगण्यात वापरा. परत गेल्यावर काय खटकलं ते नेमकं सांगा. लांबचं खटकलं तर प्रबळ डोळ्यात पाव नंबराचा बदल, जवळचं खटकलं तर दुसऱ्या डोळ्यात. दोन्ही डोळे एकदम बदलले तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

बडोदेकर काका (बडोदे)

सगळे सॉफ्ट लेन्सबद्दल बोलताहेत, म्हणून माझंही नोंदवतो. मी ६३ वर्षांचा, दांडिया बाजारात राहतो, तरुणपणापासून सेमी-सॉफ्ट म्हणतात त्या कडक लेन्स लावतो. त्यात बायफोकल मिळते. लेन्सच्या खालच्या भागात जवळचा नंबर, आणि ती गोल फिरू नये म्हणून तळाला जरा जड केलेली. खाली बघितलं की खालची पापणी लेन्सला वर ढकलते आणि जवळचा भाग बाहुलीसमोर येतो. वर बघितलं की लेन्स पुन्हा जागेवर. प्रतिमा एकावर एक पडत नाहीत, म्हणून अक्षर कोरल्यासारखं दिसतं. सयाजीबागेत बाकावर बसून पेपर वाचायला यासारखं सुख नाही.

उणीव एकच. जवळचं पाहायचं तर नजर खाली गेलीच पाहिजे. कॉम्प्युटर डोळ्यांसमोर असला की उपयोग नाही, त्यासाठी पडदा खाली ठेवावा लागतो. पापणी सैल असेल तर ही लेन्स बसतच नाही असं मला सांगितलं होतं. आणि धूळ गेली की पाणी काढते.

सुदामानगरकर

काका, माहिती भारी. नेत्रतपासनीस, मागे चष्मा घालवणाऱ्या थेंबांची फार चर्चा होती. त्याचं काय झालं?

नेत्रतपासनीस

ते पायलोकार्पिनचे थेंब. औषध जुनंच, काचबिंदूत वर्षानुवर्षं वापरलेलं. बाहुली बारीक होते आणि बारीक छिद्रातून पाहिल्यावर जवळचं जसं स्पष्ट दिसतं तसं काही तास दिसतं. अमेरिकेत २०२१ मध्ये चाळिशीसाठी १.२५ टक्क्यांच्या थेंबांना मान्यता मिळाली. आपल्याकडे २०२४ मध्ये अशा एका थेंबाला परवानगी मिळाली, पण कंपनीने केलेल्या दाव्यांवरून औषध नियंत्रकांनी सप्टेंबर २०२४ मध्ये ती स्थगित केली. चाळिशी त्याने बरी होत नाही. अंधारात दिसणं कमी होतं, डोकं दुखू शकतं, आणि मोठा उणे नंबर असेल तर डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासल्याशिवाय असे थेंब डोळ्याला लावूसुद्धा नयेत.

गेरवाला (इंदूर)

माझा प्रश्न साधा आहे. मी ४५ चा, नुकत्याच मल्टिफोकल लावायला लागलोय. रंगपंचमीला राजवाड्यावर गेरेत (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत) जाणं चुकवत नाही. लेन्स लावून जाऊ का?

नेत्रतपासनीस

नाही. हे अगदी ठाम सांगतो. गेरेत टँकरचं पाणी, तोफांतून उडणारा गुलाल, सगळं डोळ्यांत जातं. सॉफ्ट लेन्स रंग शोषून घेते आणि बुबुळाला चिकटवून ठेवते. त्या दिवशी जुना चष्मा किंवा गॉगल लावा. रंग गेलाच डोळ्यात तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. दुखलं किंवा लाल राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाण्याचं सगळ्यांनाच सांगतो, कारण इथे लोक फार हयगय करतात. नळाला नर्मदेचं पाणी येतं, स्वच्छ आहे, आरओ लावलाय, म्हणून त्यात लेन्स धुवायची नाही. पाण्यात अ‍ॅकँथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. बुबुळाला त्याची लागण झाली तर महिनोन्‌महिने उपचार चालतात आणि नजरही जाऊ शकते. लेन्स लावून आंघोळ, पोहणं नको. लेन्स लावून झोपायचं नाही. सोल्युशन रोज नवं, कालच्यात भर घालायची नाही. डबी दर तीन महिन्यांनी बदलायची. हात साबणाने धुवून कोरडे करायचे. सॅनिटायझरचे हात लेन्सला लावले तर डोळा पेटतो. मिरची चिरली असेल, जिरावन मसाला कालवला असेल, तर लेन्सला हात लावायच्या आधी दोनदा धुवा.

ताई, तुमच्यासाठी मेकअपचं वेगळं. केसांवर स्प्रे आधी मारून घ्यायचा. मग हात धुवून लेन्स लावायची आणि त्यानंतरच रंगभूषा. पापणीच्या आतल्या कडेला काजळ नको. प्रयोग संपल्यावर लेन्स आधी काढायची, रंग नंतर पुसायचा.

विंगेतली

ट्रायलच्या जोडीबद्दल सांगते.

उजवा डोळा माझा प्रबळ निघाला. त्याला कमी ताकद, डाव्याला मध्यम. बँकेत पहिल्याच दिवशी पडदा आणि सहीचं कार्ड दोन्ही दिसलं. मोबाइल पूर्वीसारखा लांब धरावा लागत नाही. औषधाच्या पट्टीवरची तारीख मात्र खिडकीपाशी गेल्यावरच लागते. रात्री स्कूटरवर दिव्यांभोवती मोठी वलयं दिसत होती, गाडी हळू चालवावी लागली. ते सांगितल्यावर उजव्याचा नंबर पावने बदलला आणि आता वलयं बरीच लहान झालीत. पूर्ण गेलेली नाहीत.

तालमीत दिवे लावून पत्र वाचलं. ओळीवरून ओळीवर नजर फिरली, दिग्दर्शक म्हणाले आज पत्र खरं वाटलं. विंगेत तुम्ही म्हणालात तसंच झालं, अक्षरं पुसट. म्हणून नेपथ्यवाल्या मुलांना सांगून विंगेत खाली वळवलेला छोटा दिवा लावून घेतला आणि माझे प्रवेश मोठ्या टायपात छापून भिंतीला चिकटवले. उजेड रंगमंचावर येत नाही याची खात्री केली.

खर्चाचा विचार करता रोज नाही लावणार. रोज फेकायच्या लेन्स तालमी-प्रयोगांच्या दिवशी, बाकी दिवस चष्मा. असं चालेल ना?

नेत्रतपासनीस

उत्तम चालेल. रोज फेकायच्या लेन्सचा तोच फायदा. मध्ये बराच खंड पडला तर पहिल्या दिवशी मेंदूला थोडं अडखळायला होईल, म्हणून प्रयोगाच्या आदल्या दिवशी घरी काही तास लावा. आणि वर्षातून एकदा डोळ्याचं प्रेशर व पडद्याची तपासणी चुकवू नका. -५.०० च्या डोळ्याला ती लेन्स असो वा नसो, हवीच. जवळचा नंबर अजून वाढत जाणार आहे, तेव्हा ही जोडी काही वर्षांनी पुन्हा जुळवावी लागेल.

बडोदेकर काका

मला मोतीबिंदू सुरू झालाय. शस्त्रक्रियेत मल्टिफोकल भिंग बसवा असं काही जण सुचवतात. तेही असंच काम करतं का?

नेत्रतपासनीस

काका, तत्त्व जवळचंच, तेही प्रकाश वाटून घेतं आणि वलयं त्यातही दिसू शकतात. फरक हा की कॉन्टॅक्ट लेन्स पटली नाही तर संध्याकाळी काढून टाकता येते, डोळ्यात बसवलेलं भिंग बदलणं म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. तुम्हाला कोरलेल्या अक्षराची सवय आहे, हे सर्जनला आवर्जून सांगा. दुसरं म्हणजे कडक लेन्समुळे बुबुळाचा आकार बदललेला असतो. भिंगाचं माप घेण्याआधी लेन्स काही आठवडे बंद ठेवावी लागेल. किती, ते तुमचे डॉक्टर माप स्थिर होईपर्यंत तपासून ठरवतील. तेवढ्या काळासाठी एक चष्मा आत्ताच करून ठेवा.

सुदामानगरकर

मीही एकदा मल्टिफोकलची ट्रायल घेऊन बघतो. तपासणीला जाताना काय न्यायचं?

नेत्रतपासनीस

सध्याचा चष्मा, रात्रीच्या ड्रायव्हिंगचा चष्मा आणि आताच्या लेन्सचा खोका. खोक्यावर नंबर, बेस कर्व्ह (लेन्सची वक्रता) आणि व्यास छापलेला असतो. लेन्स लावूनच या, म्हणजे ती डोळ्यावर कशी बसते ते बघता येईल. पण काढून ठेवायला डबी आणि सोल्युशन बरोबर असू द्या. आणि शक्यतो वेळ संध्याकाळची घ्या. तुमचा त्रास रात्रीचा आहे, तेव्हा अंधार पडल्यावर बाहेर रस्त्यावर नेऊन समोरून येणारे दिवे दाखवायला सांगा.